दुपारी झोपल्यावर वाचलेलं मुरतं की पुसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: परीक्षेची तयारी चालू आहे, रात्री जेमतेम सहा तास झोप होते आणि दुपारी वाचता वाचता डोळे मिटायला लागतात म्हणून तुम्ही दीड-दोन तास झोपता. उठल्यावर डोकं जड असतं. घरचे म्हणतात, दुपारच्या झोपेमुळेच वाचलेलं विसरतोस. मित्र म्हणतो, झोपल्याने स्मरणशक्ती वाढते. खरं कोणाचं? झोपायचं तर किती वेळ? आणि काही दिवस झोप लागतच नाही, नुसतं पडून राहणं होतं, त्याचा काही उपयोग आहे का?

झोपेच्या तक्रारी तपासण्यात माझी वीसेक वर्षं गेली. हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सतत येतो आणि दर वेळी एकच गोंधळ दिसतो. दुपारच्या झोपेचे तीन वेगळे परिणाम असतात आणि लोक तिन्ही एकाच पिशवीत कोंबतात. पहिला परिणाम म्हणजे तरतरी, पेंग जाऊन लक्ष पुन्हा ताजं होणं. दुसरा म्हणजे उठल्यानंतर नवीन गोष्ट डोक्यात शिरण्याची क्षमता. तिसरा म्हणजे झोपण्याआधी जे शिकलात ते टिकणं. तिन्हींची यंत्रणा वेगळी आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा. तुमचा मित्र तिसऱ्याबद्दल बोलतोय. घरच्यांना दिसतो तो उठल्यानंतरचा जडपणा, आणि त्याचा विसरण्याशी फारसा संबंध नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

तरतरीबद्दल आधी बोलून घेतो, कारण डुलकीचं कौतुक करणारे लोक जो आकडा तोंडावर फेकतात तो इथला आहे. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणादरम्यान पाळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली. त्यात सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि विश्रांती न घेतलेल्यांपेक्षा त्यांची सतर्कता आणि प्रतिसादाचा वेग बराच चांगला राहिला. १९९४ सालचा हा अहवाल गाजला, 'नासा नॅप' असा शब्दही रूढ झाला. पण त्यात मोजली होती ती सतर्कता. वैमानिकांना कोणी शब्दांची यादी पाठ करायला दिली नव्हती. या अभ्यासाच्या जोरावर 'डुलकीने स्मरणशक्ती इतके टक्के वाढते' असं कोणी सांगत असेल, तर ते पेरलं एक आणि कापलं भलतंच असं आहे.

आता स्मृतीकडे वळू. शिकलेली गोष्ट लगेच पक्की होत नाही, तिला मुरायला वेळ लागतो, ही कल्पना जर्मनीतल्या म्युलर आणि पिल्झेकर यांनी १९०० साली मांडली. पुढे १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करायला लावल्या. कधी पाठांतरानंतर त्यांना झोपू दिलं, कधी जागं ठेवलं. तितक्याच तासांनंतर तपासलं तर झोपेनंतर कितीतरी जास्त आठवत होतं. अवघी दोन माणसं, पण निष्कर्ष पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा खरा ठरला. त्याचा अर्थ मात्र त्यांनी साधा लावला: जागेपणी नव्या नव्या गोष्टी येऊन जुन्यावर चढतात, झोपेत तसं होत नाही, म्हणून जुनं शाबूत राहतं. म्हणजे झोप ही नुसती बंद खोली, धूळ आत येत नाही इतकंच तिचं काम.

हे स्पष्टीकरण अपुरं आहे असं दिसलं ते उंदरांमुळे. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची नोंद ठेवली. उंदीर जागेपणी हिंडताना ज्या पेशी एकत्र चेतत होत्या, त्याच नंतर झोपेतही एकत्र चेतल्या. दिवसा फिरलेली जागा मेंदू झोपेत जणू पुन्हा फिरून येत होता. बंद खोलीत कोणीतरी काम करत होतं!

हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आत, कानशिलाच्या पातळीवर असलेला छोटासा वळणदार भाग, दोन्ही बाजूंना एकेक. नवीन माहिती तो चटकन टिपून घेतो, पण ती कायमची ठेवण्याची जागा तो नाही. कच्ची वही म्हणा. पक्की नोंद होते ती मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये. कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवण्याचं काम मुख्यतः साध्या झोपेत होतं, स्वप्नांच्या झोपेत कमी. मेंदूच्या आलेखावर त्याच्या खुणा दिसतात. सेकंदाला एकाहूनही कमी वेगाने येणाऱ्या संथ, मोठ्या लाटा असतात. त्यांच्या चढावर स्वार होऊन छोटे झटके येतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. स्पिंडल म्हणजे सुताची चाती. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर अशी ती आकृती आलेखावर हुबेहूब चातीसारखी दिसते. सेकंदाला ११ ते १६ आवर्तनं आणि किमान अर्धा सेकंद टिकली, तर आम्ही ती स्पिंडल म्हणून मोजतो. त्याच क्षणी हिप्पोकॅम्पसमध्ये अतिजलद तरंग उठतात, ज्यात दिवसाच्या घटनांची उजळणी असते. लाट, चाती आणि तरंग या तिघांचा मेळ जितका नेमका जमेल तितकं मुरणं चांगलं, असं आजवरचा पुरावा सांगतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या चात्या भरपूर कधी येतात? झोपेच्या दुसऱ्या पायरीवर. आणि दुपारच्या झोपेचा मोठा वाटा असतो तो नेमका हीच पायरी.

कोणी दुपारी आडवं झालं की पहिली काही मिनिटं पहिली पायरी. इथून उठवलं तर बरेच जण शपथेवर सांगतात की मी झोपलोच नव्हतो. आलेख आमच्या हातात असतो, त्यामुळे आम्ही नुसते हसतो. मग दुसरी पायरी, चात्यांची. साधारण वीस ते चाळीस मिनिटांच्या दरम्यान, माणूस किती थकला आहे त्यावर अवलंबून, तिसरी पायरी, म्हणजे गाढ झोप सुरू होते. आणि दीड तासाच्या आसपास रेम झोप, ज्यात बंद पापण्यांआड डोळे झरझर हलतात आणि जिवंत स्वप्नं पडतात. म्हणून 'दुपारची झोप' या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. दहा मिनिटांची डुलकी आणि दोन तासांची ताणून दिलेली झोप यांचा परिणाम एकच असेल असं समजणंच चूक.

आधी दुसरा परिणाम पाहू, म्हणजे उठल्यानंतर शिकण्याचा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मँडर, वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तरुणांना दुपारी बाराला चेहरे आणि नावं यांच्या जोड्या शिकवल्या. मग अर्ध्यांना १०० मिनिटं झोपायची संधी दिली, बाकीचे जागे राहिले. संध्याकाळी सहाला नव्या जोड्या. जागे राहिलेल्यांची शिकण्याची क्षमता दुपारपेक्षा घसरली होती. झोपलेल्यांची घसरली नाही. कोणाला किती फायदा झाला ते कशाशी जुळलं? झोपेच्या एकूण तासांपेक्षा दुसऱ्या पायरीतल्या चात्यांशी, त्यातही मेंदूच्या पुढच्या भागातल्या. कच्ची वही भरत आली की नवीन लिहायला जागा उरत नाही, आणि डुलकीत ती थोडी रिकामी होते असा याचा एक अर्थ. यावर वाद आहेत. काहींच्या मते जागेपणी पेशींमधले जोड वाढत वाढत तटतटतात आणि झोपेत ते सैल होतात, म्हणून जागा होते. तोनोनी आणि चिरेल्ली यांची ही मांडणी २००३ सालची. मला वाटतं दोन्ही गोष्टी होत असाव्यात, पण तुमच्या वेळापत्रकासाठी त्याने फरक पडत नाही.

यासाठी शंभर मिनिटं लागतातच का? नाही. सिंगापूरच्या एका गटाने २०२३ साली दहा, तीस आणि साठ मिनिटांच्या झोपांची तुलना केली. झोप कमी होऊन मनःस्थितीत आणि सतर्कतेत जे बिघडतं ते थोड्याफार फरकाने तिन्हींनी सावरलं, पण उठल्यावर नवीन चित्रं लक्षात ठेवण्यात स्पष्ट फायदा दिसला तो तीस मिनिटांच्या झोपेत. दहा मिनिटांत चात्यांना पुरेसा अवधीच मिळत नाही, हे त्याचं मला पटणारं कारण.

तिसऱ्या परिणामाबद्दल, म्हणजे आधी शिकलेलं टिकण्याबद्दल, तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने एकच प्रयोग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. कझिन्स, मायकेल ची आणि सहकाऱ्यांनी सिंगापूरमध्ये विद्यापीठातल्या ८४ विद्यार्थ्यांना खेकड्यांच्या आणि मुंग्यांच्या जातींची तपशीलवार माहिती शिकवली. कोणती जात काय खाते, कुठे राहते, असं. अगदी परीक्षेच्या अभ्यासासारखं रूक्ष. मधल्या एका तासात एका गटाला झोपू दिलं, दुसऱ्याला त्याच धड्याची घोकंपट्टी करायला लावली, तिसऱ्याला जागेपणी विश्रांती दिली. मग आणखी थोडं शिकवून अर्ध्या तासाने परीक्षा घेतली. झोपलेले आणि घोकणारे दोघेही विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा पुढे. पण खरी मजा आठवड्याने झाली. अचानक पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा झोपलेल्यांची आघाडी टिकून होती. घोकणाऱ्यांची विरघळून गेली होती, विश्रांती गटाहून ते ठळकपणे पुढे राहिले नव्हते.

यातून काय निघतं ते नीट बघा. झोपलेल्यांनी तो तास पुस्तक उघडलंही नव्हतं. तरी ते घोकणाऱ्यांच्या तोडीस तोड होते आणि आठवड्याने त्यांचंच पारडं जड होतं. म्हणजे दुपारचा तास झोपेत 'वाया' जातो हा हिशोब चुकीचा आहे. मात्र हेही बघा: झोपण्याआधी ते तासाभराहून जास्त वेळ मन लावून शिकले होते. जे कच्च्या वहीत उतरलंच नाही ते पक्क्या वहीत कुठून जाणार? पेंगत पेंगत, एकच ओळ चार वेळा वाचून मग झोपायचं आणि झोपेने ते पक्कं होईल अशी आशा धरायची, हे चालत नाही. माझ्याकडे येणारे बरेच विद्यार्थी नेमकं हेच करतात. डोळे मिटायला लागल्यावर अर्धा-पाऊण तास झगडतात, त्या वेळात काहीच शिकत नाहीत, शेवटी हरून झोपतात आणि हरल्याच्या भावनेने उठतात. त्यापेक्षा झापड यायच्या आधी पुस्तक मिटून, आत्ता काय वाचलं ते न बघता आठवून पाहा, दोन-चार ओळी लिहा, आणि मग पडा.

डुस्सेलडॉर्फ विद्यापीठातल्या ओलाफ लाल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की सहा मिनिटांच्या झोपेनेही शब्दांची यादी जास्त आठवते, जास्त वेळ झोपलं तर आणखी जास्त. सहा मिनिटांचा हा निष्कर्ष खूप फिरवला जातो. मी तो नाकारत नाही, पण त्यावर घर बांधणार नाही. त्यात तासाभरानेच तपासलं होतं. आठवड्याने काय उरतं हा प्रश्न वेगळा.

आणि सगळ्या प्रकारच्या शिकण्याला दुपारची झोप सारखी मदत करत नाही. टकर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की रेम नसलेल्या छोट्या झोपेनंतर शब्दांच्या जोड्या जास्त आठवल्या, पण आरशात बघून आकृती गिरवण्याच्या कौशल्यात झोपलेले आणि जागे यांच्यात फरक पडला नाही. याउलट मेडनिक आणि स्टिकगोल्ड यांच्या २००३ सालच्या प्रयोगात काम होतं ते बारीक रेघांच्या गर्दीतला फरक चटकन ओळखण्याचं. त्यात ६० ते ९० मिनिटांच्या झोपेने रात्रभराच्या झोपेइतकी सुधारणा झाली, पण ज्यांच्या झोपेत गाढ झोप आणि रेम दोन्ही आली त्यांच्यातच. फक्त गाढ झोप मिळालेल्यांची घसरण थांबली, सुधारणा झाली नाही. तुम्ही व्याख्या, सनावळ्या, संकल्पना पाठ करत असाल तर अर्धा-पाऊण तास पुरतो. वाद्य किंवा नाच शिकणाऱ्याला मी वेगळं सांगेन, बहुतेक वेळा रात्रीच्या झोपेकडेच बोट दाखवेन.

एक प्रयोग केवळ मला आवडतो म्हणून सांगतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रुडॉय, पॅलर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना पडद्यावर ५० चित्रांच्या जागा शिकवल्या. प्रत्येक चित्रासोबत त्याचा आवाज: मांजर असेल तर म्याँव, किटली असेल तर शिट्टी. मग दुपारी झोपवलं आणि गाढ झोपेत त्यातले २५ आवाज अगदी हळू वाजवले. उठल्यावर कोणालाही ते ऐकल्याचं आठवत नव्हतं, पण ज्या चित्रांचे आवाज वाजले होते त्यांच्या जागा जास्त अचूक आठवल्या. झोप म्हणजे नुसती बंद खोली नाही याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही. मात्र याच्या आधारे 'झोपेत अभ्यास करवणारी' ॲप आणि हेडफोन कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. या प्रयोगात आधीच शिकलेलं बळकट झालं, झोपेत नवा धडा कोणी शिकला नाही.

आता तुमचं जड डोकं. याला आम्ही निद्राजडत्व म्हणतो. गाढ झोपेतून अर्धवट उठलं की मेंदूचे सगळे भाग एकदम जागे होत नाहीत. हातपाय चालतात, बोलताही येतं, पण विचार चिखलातून चालल्यासारखे. साधारण १५ ते ३० मिनिटांत हे ओसरतं, झोपेची फार थकबाकी असेल तर जास्त वेळ लागतो. या अवस्थेत कोणी तुम्हाला सकाळचा धडा विचारला आणि तुम्ही अडखळलात, तर त्याला वाटणारच की झोपेने पुसलं. पुसलेलं नसतं. तासाभराने विचारा.

तुमच्या बाबतीत हे जास्त का होतं तेही सांगतो. जागं राहण्याच्या प्रत्येक तासागणिक मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. शिवाय शरीराचं स्वतःचं घड्याळ आहे, त्यात दुपारी एक ते तीनच्या सुमारास एक छोटी घसरण असते, जेवण केलं नाही तरी ती येते. रात्री सहाच तास झोपल्यामुळे तुमची आदल्या दिवसाची बाकी शिल्लक असते, तीवर ही दुपारची घसरण पडते, आणि तुम्ही विहिरीत दगड पडावा तसे गाढ झोपेत जाता. मग गजर तिथूनच उपटून काढतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात ब्रुक्स आणि लॅक यांनी २००६ साली रात्री कमी झोपलेल्या तरुणांवर ५, १०, २० आणि ३० मिनिटांच्या झोपा तपासल्या. पाच मिनिटांनी फारसं काही साधलं नाही. दहा मिनिटांनी लगेच तरतरी आली आणि अडीच तासांपर्यंत टिकली. तीस मिनिटांनी आधी थोडा वेळ जडत्व आलं, फायदा नंतर दिसला.

म्हणजे तरतरी हवी तर दहा-वीस मिनिटं. स्मृती हवी तर तीसेक मिनिटं, आणि उठल्यावरचा अर्धा तास जडपणाला देऊन टाकायचा. या दोन सल्ल्यांत विसंगती नाही. कशासाठी झोपताय ते आधी ठरवा.

तुम्हाला मी असं सुचवेन. सकाळी सगळ्यात अवघड, पाठ करायचा भाग. दुपारी एक ते तीनच्या मध्ये कधीतरी, वर सांगितल्याप्रमाणे न बघता उजळणी करून, गजर ३५-४० मिनिटांचा लावून पडायचं. झोप लागायला पाच-दहा मिनिटं जातात, म्हणून हातात तीसेक उरतात. खोलीत अंधार आणि फोन हाताला लागणार नाही इतका लांब, कारण गजर बंद करून पुन्हा कूस बदलण्याची कला सगळ्यांनाच येते. उठल्यावर उजेडात या, तोंडावर पाणी मारा, थोडं चाला, आणि पहिला अर्धा तास हलकं काम करा. मग नवीन धडा. चारनंतर मात्र झोपू नका. दुपारी झोपेची ओढ खर्च केली की रात्री ती कमी पडते, झोप उशिरा लागते, सकाळी पुन्हा अपुरी, दुपारी पुन्हा दोन तास. तुम्ही बहुधा याच चक्रात आहात.

कॉफी-चहाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवतं, त्यामुळे झोपेची जाणीव दबते. झोपेची थकबाकी तशीच राहते. मेडनिक यांनी २००८ साली २०० मिलिग्रॅम कॅफीन आणि दुपारची झोप यांची तुलना केली तेव्हा शब्द आठवण्यात झोप सरस ठरली, कॅफीन घेतलेल्यांना आपण जागे आहोत असं वाटत असूनही. कॅफीन घेऊन लगेच पंधरा मिनिटं पडण्याची एक युक्ती आहे. लफबरोच्या रेनर आणि हॉर्न यांनी १९९७ साली पेंगुळलेल्या वाहनचालकांवर ती तपासली होती. कॅफीनचा असर चढेपर्यंत डुलकी संपते आणि दोन्हींचा फायदा मिळतो. वाहन चालवायचं असेल तर उत्तम. अभ्यासासाठी रोज नको, कारण कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात आणि रात्रीची झोप पुन्हा मार खाते.

रात्रीच्या झोपेबद्दल मी ठाम आहे. प्रौढाला किमान सात तास, किशोरवयात आठ ते दहा. सिंगापूरमध्येच किशोरांना सलग काही रात्री पाच-पाच तास झोपू देऊन दुपारी एक तासाची झोप दिली. लक्ष आणि विचारशक्तीची घसरण कमी झाली, पण थांबली नाही. दुपारची झोप ठिगळ आहे. कापड फाटलेलं असताना ठिगळ लावावंच, पण मुळात कापड शिवायला वेळ काढा. सहाचे सात तास केलेत तर दोन तासांची दुपार आपोआप अर्ध्या तासावर येईल, दिवसाच्या हिशोबात तुम्ही काहीच गमावणार नाही.

हे सगळे निष्कर्ष सरासरीचे आहेत. सगळे अभ्यास एकत्र घेतले तर डुलकीचा फायदा लहान ते मध्यम दिसतो, डोळे दिपवणारा नाही. नेहमी दुपारी झोपणाऱ्यांना तो जास्त मिळतो आणि काही जणांना दुपारी झोप मानवतच नाही. त्यांना सवय लावायचा प्रयत्न केला तरी फायदा आपोआप येत नाही. रात्री झोप न येण्याचा त्रास असेल तर मी दुपारची झोप सरळ बंद करायला सांगतो, मग स्मृतीचा फायदा कितीही असो.

लहान मुलांचं गणित वेगळं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरच्या २०१३ सालच्या अमेरिकी अभ्यासात दुपारची झोप चुकली की सकाळी खेळात शिकलेलं घसरलं, आणि ते नुकसान रात्रीच्या झोपेनेही भरून निघालं नाही. सहा आणि बारा महिन्यांच्या बाळांमध्ये तर शिकल्यानंतर चार तासांच्या आत किमान अर्धा तास झोप मिळाली तरच शिकलेली कृती टिकली. त्यांची कच्ची वही फारच छोटी असते. घरात लहान भावंड असेल तर त्याची दुपार मोडू नका.

वयस्कर माणसांची गोष्ट नाजूक आहे, कारण बातम्या उलटसुलट येतात. २०२२ साली शिकागोमधल्या १,४०१ वृद्धांच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून असं दिसलं की रोज तासाभराहून जास्त दुपारी झोपणाऱ्यांना अल्झायमरचा धोका ४० टक्क्यांनी जास्त होता. पण आजार वाढला तशी दुपारची झोपही वाढत गेली. जास्त झोपेने आजार येतो की येऊ घातलेल्या आजारामुळे झोप वाढते? त्या अभ्यासात दोन्ही दिशांचे धागे होते. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या पावणेचार लाखांहून जास्त लोकांच्या जनुकीय माहितीवरून असं दिसलं की दुपारी झोपण्याकडे जनुकीय कल असलेल्यांच्या मेंदूचं आकारमान थोडं मोठं असतं, पण हिप्पोकॅम्पसच्या आकारात किंवा प्रतिसादाच्या वेगात फरक नाही. मी घरच्यांना एवढंच सांगतो: आयुष्यभराची अर्ध्या तासाची सवय असेल तर काळजी नको. सवय नसताना गेल्या काही महिन्यांत ती तासांवर गेली असेल तर दाखवून घ्या.

दाखवून घेण्याची बाब तुम्हालाही लागू आहे. रात्रीची झोप दोन-तीन आठवडे सात-साडेसात तासांवर नेऊनही दुपारी डोळे मिटतच असतील, घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकल्याचं कोणी पाहिलं असेल, तर हा अभ्यासाचा प्रश्न उरत नाही. दिवसा किती पेंग येते ते मोजणारी एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. २४ पैकी १० च्या वर गुण आले तर आम्ही पुढची तपासणी करतो. दुपारी पडल्या पडल्या लगेच स्वप्नं सुरू होणं हीसुद्धा सांगण्यासारखी खूण आहे. निरोगी माणसाच्या छोट्या डुलकीत सहसा रेम झोप येत नाही, आणि ती वारंवार येत असेल तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो.

उरला शेवटचा प्रश्न, नुसतं पडून राहण्याचा. एडिंबरामध्ये डेव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली वयस्कर लोकांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून शांत बसवलं, दुसरीनंतर दहा मिनिटं पडद्यावर दोन चित्रांतले फरक शोधायला लावले. शांत बसल्यानंतरची गोष्ट जास्त आठवली, सात दिवसांनंतरही. कोणी झोपलं नव्हतं. म्हणजे जेन्किन्स आणि डॅलनबाख यांची बंद खोलीही अगदीच चुकीची नव्हती. झोप लागली नाही तर चिडचिड न करता गजर होईपर्यंत डोळे मिटून पडून राहा. फक्त त्या वेळात फोन उघडू नका, चित्रांतले फरक शोधण्याहून तो वाईट.